मी निघालो होतो

दुधाची किटली घेऊन कोपऱ्यावर आलो आणि समोर माझंच तोंड. घराच्या दारापेक्षा मोठं. स्वतःचं तोंड एवढं मोठं माणसानं बघू नये, सांगून ठेवतो. डाव्या गालावर लहानपणीच्या कांजिण्यांचा एक वण आहे. आरशात तो मला कधी जाणवत नाही, त्या डिजिटल बॅनरवर बशीएवढा झाला होता. फोटो माझ्या बायकोच्या, पूर्णिमाच्या, चुलतभावाच्या लग्नातला. डोक्यावर फेटा आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. माणूस कापून टाकलाय, हात तेवढा राहिलाय. शेजारी माझ्या तिप्पट हंबीरमामा, म्हणजे पूर्णिमाचे सख्खे मामा, गॉगल घालून, हात जोडून. पुढच्या निवडणुकीला त्यांना नगरसेवक व्हायचंय, हे प्रभागातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. खाली लाल अक्षरं: 'स्वेच्छेने व्यसनाला लाथ मारणारे आमचे जावई श्री. अमरसिंह यांचा जाहीर सत्कार. आज सकाळी अकरा वाजता. नशामुक्त प्रभाग हाच आमचा ध्यास.' मी किटली या हातातून त्या हातात घेतली आणि 'स्वेच्छेने' हा शब्द परत वाचला. मागून दादू गवळी म्हशीची धार सोडून आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि मान वर करून म्हणाला, "नाद खुळा की ओ अमरदा! मामांनी हात सैल सोडलाय. आता येक करा, परत हात लावू नका त्या पावडरीला. न्हायतर येवढं डिजिटल वाया जाईल." तो मनापासून बोलत होता, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, "व्हय, डिजिटलसाठी तर सोडलंय," आणि दूध न घेताच घरी वळलो. अर्ध्या वाटेत आठवलं, परत गेलो, दूध घेतलं.

परत जाताना दुसऱ्यांदा त्या तोंडापुढनं जावं लागलं. 'स्वेच्छेने' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो शशिधर वकिलांच्या ऑफिसात. जामीन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. वकील गडहिंग्लजकडचे, बोलताना टेबलावर बोटांनी ठेका धरतात. मी मधल्या खुर्चीत, एका बाजूला मामा, एका बाजूला पूर्णिमा, जसं काही पोराच्या शाळेत तक्रार आलीय आणि आईबाप पोराला घेऊन आलेत. माझं वय अडतीस. शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर सोळा वर्षं काढलीत, वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून कधी ओतायचं ते सांगतो, पण त्या खोलीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, माझ्याबद्दल बोलत होते. "पुडीत माल किती? थोडा. विकत होता? नाही," वकील म्हणाले. "मग झालं की हो काम. कायद्यात सोय आहे. स्वतः नशा करणारा माणूस, जवळ थोडा माल, आणि तो स्वेच्छेने उपचाराला गेला, उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत. स्वेच्छेने. हा शब्द पाठ करून ठेवा." मामांनी विचारलं, "आन न्हाय गेला तर?" वकील म्हणाले, "तर वर्षभरापर्यंत आत." मामा हसले. "म्हंजे मर्जी तेची हाय," म्हणाले. मग वकिलांनी पंचनामा उघडला, वाचता वाचता ठेका थांबला. "ही बॅग कसली? दोन शर्ट, टॉवेल, चादर, दात घासायचा ब्रश. पोलिसांनी लिहिलंय, पळून जायच्या तयारीत." क्षणभर ते पंख्याकडे बघत बसले. मग टेबलावर थाप मारली. "सुचलं! आपण असं म्हणू, की पक्षकार त्याच सकाळी कळंब्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हायला निघाला होता. म्हणून बॅग. पोलिसांनी वाटेत धरला, नाहीतर तासाभरात तो आत असता. आहे की नाही स्वेच्छा?" मामांनी स्वतःच्या मांडीवर एवढ्या जोरात हाणलं, की बाहेरचा कारकून डोकावला. "च्यायला, वकीलसायेब, काय डोकं हाय ओ तुमचं!" आणि मी म्हटलं, "पण मी खरंच निघालोतो." मग वकिलांनी माझ्याकडे बोट केलं आणि आनंदानं म्हणाले, "अस्सं! हाच आवाज. हेच तोंड. कोर्टात साहेबांपुढं असंच म्हणायचं, एक अक्षर बदलायचं नाही." मी पूर्णिमाकडे बघितलं. ती भिंतीवरच्या अंबाबाईच्या फोटोला हात जोडत होती.

आता खरं काय ते मला एकट्याला माहीत आहे, आणि त्याचीच तर गंमत आहे. पावडर सुरू झाली ती कामावर. दोघांचं काम एकावर आलं, डबल ड्यूटी, भट्टीसमोर डोळा लागला तर माणूस मरतो, म्हणून कुणीतरी म्हणालं, जरा नाकाला लाव. लावली. झोप गेली, भूक गेली, जिभेचा पट्टा सुटला, आणि दाढा एकमेकींवर घासायला लागल्या. वर्षभरात मागच्या दोन दाढा सपाट झाल्या, आजही जीभ तिथं गेली की मला सगळं आठवतं. दोनदा शपथ घेतली. जोतिबाच्या पायरीवर गुलाल कपाळाला लावून पहिली, ती पौर्णिमेपर्यंत टिकली. दुसरी प्रेरणाच्या, माझ्या पोरीच्या, डोक्यावर हात ठेवून. तीही मोडली. मोडल्यावर पूर्णिमा भांडली नाही. भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "काय बी करा, पण आता शपथ नको. पोर झोपेत दचकतीया." ते मला असं लागलं, की काय सांगू. त्याच आठवड्यात मी ठरवलं. या खेपेला कुणाला सांगायचं नाही, शपथ नाही, गुलाल नाही, रडारड नाही. आपल्या पायांनी जायचं, आत बसायचं आणि आतून पूर्णिमाला फोन करायचा, की मी इथं आहे, तीन महिन्यांनी ये. तिचं तोंड तेव्हा कसं होईल, याचं मी भट्टीसमोर उभं राहून चित्र रंगवत होतो. घरी कळू नये म्हणून कंपनीच्या गेटवरच्या फोनवरून केंद्रात विचारलं. तिकडून एक बाप्या बोलला, "पेशंट तुमचा कोण?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "मग घरातल्या कुणाकडं तरी फोन द्या. जबाबदार माणूस लागतो बरोबर." मी फोन ठेवला. म्हटलं, दारात जाऊन उभा राहिलो तर हाकलून देतील काय? नाही देणार. देवळातही भिकाऱ्याला कुणी विचारत नाही बरोबर कोण आहे म्हणून.

तर त्या सकाळी मी बॅग भरली. मोटरसायकल घेतली नाही, किल्ली खुंटीला ठेवली, तीन महिने गाडीचं काय काम. केएमटीच्या थांब्यावर कळंब्याच्या बसची वाट बघत उभा राहिलो. इथंवर माझी गोष्ट सरळ आहे, पुढं एक पुडी आहे. शर्टाच्या आतल्या खिशात एक पुडी होती, आणि ती मी विसरलो नव्हतो. शेवटची म्हणून ठेवली होती. केंद्राच्या दारात घ्यावी आणि आत जावं, किंवा कळंब्याच्या तळ्यात फेकून द्यावी आणि आत जावं, दोन्हींपैकी काय ते तिथं गेल्यावर बघू, असं ठरलं होतं. असं ठरलं होतं असं मी म्हणतो. बस लांबून वळताना दिसली, आणि त्याच वेळी दोघं जण डाव्या-उजव्या अंगाला येऊन उभे राहिले. एकानं हलक्या हातानं, अगदी मैतरासारखं, माझ्या कोपराला धरलं. "पावणं, जरा चला की आमच्यासंगट." बस थांबली, दार उघडलं, कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, मी कंडक्टरकडे. मी म्हणालो, "मला ह्या बसनं जायचंय." हवालदार म्हणाला, "जाशीला की. कळंब्यालाच जाशीला," आणि दोघं हसले. आमच्याकडे कळंब्याला गेला म्हणजे जेलात गेला. मी बॅग छातीशी धरली होती, म्हणून तिची त्यांना शंका आली, म्हणून झडती झाली, म्हणून पुडी सापडली. त्या बसचं दार मिटतानाचा आवाज माझ्या कानात आहे. केंद्रातल्या खाटेवर पडून मी शंभरदा त्या बसमध्ये चढलो. कधी उतरून सरळ आत गेलो. कधी तळ्याच्या काठाला बसलो, पुडी उघडली, आणि दुसऱ्या बसनं घरी आलो. दोन्ही माणसं मीच आहे, आणि त्यांतला खरा कोण हे बघायची संधी मला मिळाली नाही. चोरी झाली ती याची झाली. बाकी तीन महिने काय, कसेही जातात.

आणि कुणी केली चोरी? ते मला मामांनीच सांगितलं, मला केंद्रात पोचवायला निघाले तेव्हा, गाडी चालवता चालवता, मोठ्या अभिमानानं. कोल्हापुरात प्रत्येक घराला एक तरी ओळखीचा पोलीस असतो, आणि कुणाचं पोरगं वाकड्या वाटेला लागलं की त्याच्या कानात सांगायचं, जरा दम द्या. पोलीस उचलतो, दोन तास बाकड्यावर बसवतो, चार शिव्या देतो, चहा पाजून सोडतो. पोरगं सरळ येतं, निदान तसं सगळे धरून चालतात. पूर्णिमानं त्या पहाटे मला बॅग भरताना बघितलं. खुंटीला किल्ली बघितली. तिला वाटलं, नवरा घरदार टाकून निघाला. ती मागच्या दारानं गेली आणि मामांना फोन केला, "मामा, हे चाललेत ओ. कसं बी करून थांबवा. जरा दम द्या म्हणावं." मामांनी ओळखीच्या हवालदाराला सांगितलं. पण त्याच आठवड्यात चौकीला नवे साहेब आले होते, त्यांना केसेस दाखवायच्या होत्या, आणि खिशात पुडी निघाली. "गणित जरा चुकलं," मामा म्हणाले, "पर उत्तर बरोबर आलं का न्हाय? तुमी काय तुमच्या मनानं गेला नसतासा, पावणं. घोड्याला पाण्यापतूर वढत न्यायला लागतं." मी मागच्या सीटवर होतो. पुढं पूर्णिमा बसली होती, तिची मान खिडकीकडे. तिच्या मानेवर एक बट सुटली होती आणि ती बट थरथरत होती, गाडीच्या धक्क्यानं की कशानं, देव जाणे. मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं, की अगं बाई, मी जिथं चाललो होतो तिथंच मला आता नेताय, फक्त हातात बेडी घातल्यासारखं. ओरडलो नाही. आधीच वकिलांच्या ऑफिसात एकदा सांगून झालं होतं, आणि त्याची किंमत काय झाली ते बघितलं होतं.

केंद्रात दिवस सारखे होते, त्यांचं काय सांगायचं. लोखंडी जाळीचं दार, पहाटेची प्रार्थना, पातळ आमटी, आणि पहिले आठ-दहा दिवस हाडं कुणीतरी आतून पिळून काढतंय असं. ते मी सोसलं. मला सोसवलं नाही ते निशिगंधा मॅडमचं बोलणं. समुपदेशक होत्या, माझ्यापेक्षा लहान, आवाज असा मऊ की त्यावर चिडताही येऊ नये. म्हणून मी जास्त चिडायचो. सगळ्यांना गोल बसवून त्या एकेकाला विचारायच्या, "तुम्ही इथं कसे आलात?" कुणी म्हणायचं भावानं बांधून आणलं, कुणी म्हणायचं बायकोनं. माझ्यावर पाळी आली की मी म्हणायचो, "मी आपणहून निघालोतो, वाटेत धरलं." बाकीचे खाली बघून हसायचे. मॅडम हसायच्या नाहीत. "अमरसिंह, तुम्ही अजून नकारात आहात," त्या म्हणायच्या. "प्रत्येकालाच वाटतं, मी सोडणारच होतो. उद्या सोडणार होतो. हे व्यसनच बोलतंय तुमच्या तोंडातून. एकदा मान्य करा, की माझ्यात ताकद उरली नव्हती, मला दुसऱ्यांनी आणलं. बघा कसं हलकं वाटेल." मी म्हटलं, "मॅडम, कोर्टात सांगायचं आपणहून आलो आणि हितं सांगायचं आणलं म्हणून आलो, मग मी आलो तरी कसा?" त्यांनी माझ्याकडे अशा काही मायेनं बघितलं, की मला उठून जाळी हलवावीशी वाटली. महिनाभर मी हट्ट धरला. मग वकील भेटायला आले आणि म्हणाले, केंद्राकडून कोर्टाला अहवाल जातो, त्यात 'सहकार्य करतो' असं यायला पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्या संध्याकाळी मी गोलात उभा राहिलो आणि म्हणालो, "मी अमरसिंह. मी व्यसनी हाय. मला आणलं म्हणून मी वाचलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लाज वाटायची गोष्ट अशी, की मला खरंच हलकं वाटलं. त्यानंतरच्या भेटीच्या दिवशी पूर्णिमा प्रेरणाला घेऊन आली तेव्हा मी तिला हळू म्हटलं, "पूर्णे, मी त्या दिवशी हितंच यायला निघालोतो, खरं सांगतो." तिनं डब्यातली पुरणपोळी माझ्यापुढं सरकवली. "असू दे," म्हणाली. "वकिलांनी सांगितलंय तसं नीट पाठ झालंय न्हवं, मग झालं." तिनं हे काही खोचकपणे म्हटलं नाही. पोराला पाढा पाठ झाला तर आई म्हणते तसं म्हणाली.

परवा कोर्टात निकाल लागला. निकाल म्हणजे काय, पाच मिनिटांचं काम. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "स्वतःच्या इच्छेनं उपचार घेतले?" मी घसा खाकरला. मनात किती वेळा उत्तर घोळवलं होतं. पुडीसकट सगळं सांगायचं होतं, की साहेब, इच्छा होती, पण ती किती होती हे मोजायच्या आतच मला धरलं. मी म्हटलं, "व्हय. मी त्याच दिवशी निघालोतो." साहेब म्हणाले, "ते अर्जात आलंय," आणि पुढचा कागद ओढला. बाहेर आल्यावर मामांनी पेढे वाटले. कोर्टाबाहेरच्या कट्ट्यावर वकील मामांच्या हातावर टाळी देत म्हणाले, "माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा अर्ज." मी पेढा खाल्ला. माझं खरं माझ्याच तोंडातून इतक्या वेळा निघालं आणि दर वेळी ते दुसऱ्याचं होऊन गेलं. आणि तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही, दूध आणतानाही तोच होता. मी आता चांगला राहिलो, तर ते मामांचं, वकिलांचं, मॅडमचं, कोर्टाचं. डिजिटल लागलंच आहे. बिघडलो, तर तेवढं मात्र निखळ माझं. त्यावर कुणी हक्क सांगायला येणार नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या नावावर शिल्लक ठेवलीय लोकांनी.

अकरा म्हणता साडेबाराला सत्कार सुरू झाला. मंडळाच्या मांडवात लाल खुर्च्या, पुढच्या ओळीत बायका, पूर्णिमा मोतिया रंगाची साडी नेसून, मांडीवर प्रेरणा. मामांनी पंधरा मिनिटं भाषण केलं, त्यात माझं नाव तीनदा आणि प्रभागातल्या गटारांचं त्याहून जास्त. मग शाल-नारळ. ताट घेऊन कोण आलं, तर आदर्श. मामांचा उजवा हात, पांढरा शुभ्र शर्ट, कपाळाला टिळा. त्याच आदर्शकडून मी पावडर घ्यायचो. मामांना माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. माहीत नसेल असं म्हणायला जीभ धजत नाही. ताट धरून तो माझ्या कानाजवळ वाकला. लोकांना वाटलं अभिनंदन करतोय. "अमरदा, राग न्हाय न्हवं? आज दिवेलागणीला पाण्याच्या टाकीजवळ हाय मी. जुनं गिऱ्हाईक, पहिली पुडी माझ्याकडनं." मागच्या दाढांवर आपोआप जीभ गेली, आणि तोंडाला पाणी सुटलं. काय सांगू तुम्हाला, अंगभर सुटलं. मामांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, फोटोवाला म्हणाला हसा, आणि हातात माइक आला. "दोनच शब्द बोला, पावणं. स्वेच्छेनं." मी पुढच्या ओळीत बघितलं. पूर्णिमाकडेच. म्हटलं, "मला कुणी पाठवलं न्हवतं. कुणी आणायच्या आधीच मी निघालोतो. थांब्यावर हुभा हुतो. बस आलती. दार उघडलंतं बसचं." आणि आवाज फाटला. च्यायला, भर मांडवात, शाल पांघरून, अडतीस वर्षांचा बाप्या रडायला लागला. मामांनी लगेच माइक घेतला. "बघा! याला म्हंत्यात मनाचा निर्धार! टाळ्या!" टाळ्या पडल्या. आदर्श सगळ्यात जोरात वाजवत होता. पूर्णिमा वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा रंग उतरला होता.

घरी आलो तर तिनं साडी न बदलताच चूल पेटवली, म्हणजे गॅस. प्रेरणा शेजारी खेळायला गेली. मी पाटावर बसलो, तिनं ताट वाढलं, मटणाचा तांबडा रस्सा, भाकरी, कांदा. सत्काराचा दिवस होता. मी पहिला घास मोडला आणि ती समोर बसली. बराच वेळ तिनं परातीतल्या पिठावर बोटानं रेघा ओढल्या. मग म्हणाली, "येक इचारू?" मी म्हटलं, "इचार की." "बसचं दार उघडलंतं, म्हणालासा. ते वकिलांनी सांगितलं न्हवतं. कागदात बी न्हवतं, मी आयकलंय सगळं." तिनं मान वर केली. "खरंच निघालावतासा काय ओ? कळंब्याला?" आठ महिने मी या प्रश्नाची वाट बघत होतो. वकिलांनी विचारला नाही, मॅडमनी नाही, साहेबांनी विचारला तो उत्तर ठरवून. जगात एक माणूस आता खरोखर विचारत होतं, आणि विश्वास ठेवायला तयार होऊन विचारत होतं. मी हो म्हणणारच होतो. पण माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. पीठ लागलेलं ते बोट परातीच्या काठावर थांबलं होतं आणि काठ वाजत होता, बारीक, सारखा. त्याच हातानं तिनं त्या पहाटे मागच्या दारात उभं राहून फोन लावला होता. मी हो म्हटलं की ते लॉकअप, ते कोर्टाचे खेटे, पोरीला शाळेत पोरं काय काय म्हणाली ते, सगळं त्या एका फोनवर येऊन बसणार होतं, आणि तिथून ते कधी उठणार नव्हतं. मला मी ओळखतो. वर्षभरानं, कशावरून तरी भांडण झालं, तर मीच ते काढून तिच्या तोंडावर मारणार होतो. मी घास गिळला. म्हटलं, "न्हाय गं. वकिलांनीच पढवलंतं. तुझं बरोबर हुतं. पळूनच चाललोतो, पुण्याला. थांब्यावर हुभा हुतो येवढं खरं."

परात वाजायची थांबली. तिनं एवढा मोठा श्वास सोडला, की आठ महिने तो छातीत धरून ठेवला होता जसं काही. डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. "मला वाटलंच हुतं," म्हणाली, "वाटलंच हुतं मला. आंबाबाईनंच मला फोन करायची बुद्धी दिली." आणि पळीभर रस्सा माझ्या वाटीत वाढला, वर नळी शोधून घातली. मी जेवलो. चव लागली, खोटं कशाला बोलू. ते वाक्य माझ्याकडून कुणी वदवून घेतलं नव्हतं. गेल्या आठ महिन्यांत असं पहिलंच.

दिवे लागले तेव्हा मी आतल्या खोलीत खाटेवर बसलो होतो. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तिच्यावरचा दिवा लागला. टाकीखाली पांढरा शर्ट होता की नाही, एवढ्या लांबून कळत नव्हतं. मी जीभ दाढांवर फिरवली. अंग बोलावत होतं, अजून काही वर्षं बोलावणारच आहे, मॅडमनी तेवढं खरं सांगितलंय. मी त्याला म्हटलं, नाही. आरडाओरडा नाही, शपथ नाही. नुसतं नाही. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, डिजिटल दोन गल्ल्या लांब होतं. मी पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकली आणि बसून राहिलो. छातीत कायतरी नीट बसल्यासारखं झालं. मग पूर्णिमा आत आली. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढून घेतली आणि बाहेर गेली. पुण्याला पळून जाणाऱ्या माणसाची बायको होती ती, मीच करून ठेवलेली. बाहेरच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. मग किल्ल्या कमरेला खोचल्याची खुळखुळ. "चहा टाकू काय ओ?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, आवाज मोकळा होता, कितीतरी दिवसांनी. मी म्हटलं, "टाक." तिला सांगायला तोंड उघडलं होतं, ते तेवढ्यावर मिटलं. मी जाणार नव्हतोच.